विनोदी गाण्यांवर चाळीस वर्षं: ‘वीअर्ड ॲल’चं गणित नेमकं काय?

काळी_चार

विडंबनगीतं करणारा माणूस आपल्याकडे फार तर दोन-तीन वर्षं चालतो. एक गाणं व्हॉट्सॲपवर फिरतं, चार गणेशोत्सव मंडळांची बोलावणी येतात. मग मूळ गाणं लोक विसरतात आणि त्याच्याबरोबर विडंबनही. अमेरिकेतला ‘वीअर्ड ॲल’ यॅंकोविक मात्र १९७९ पासून हेच करतोय आणि अजून मोठी सभागृहं भरतोय. विनोद, आवाज, ॲकॉर्डियन हे सगळं आहेच, पण तेवढ्यावर चार दशकं निघत नाहीत.

जाणकारांना विचारायचंय: तो परवानगी कशी घेतो आणि पैसे कसे वाटले जातात? त्याच्या अल्बममध्ये विडंबनं किती आणि स्वतःची गाणी किती? आणि यातलं मराठीत काय लागू पडतं? सिनेमातल्या किंवा भावगीतांच्या चालींवर आपले शब्द बसवून तिकीट लावलेला कार्यक्रम करायचा तर कायद्यानं कुठे अडतं? शिवाय एक नेहमीची रड: घरी म्हटलं की सगळे हसतात, स्टेजवर निम्मे शब्द कुणाला कळतच नाहीत. ते का?

भाता

आधी अल्बमच्या आत डोकावा, उत्तर तिथेच आहे. २००६ चा ‘स्ट्रेट आउटा लिनवुड’ घ्या किंवा २०१४ चा ‘मँडेटरी फन’. दोन्हींत १२ गाणी. त्यांतली ५ विडंबनं, १ पोल्का मेडली (गाजलेल्या गाण्यांचे तुकडे पोल्का नाचाच्या ठेक्यात जोडलेली माळ) आणि ६ त्याची स्वतःची. म्हणजे ज्याला जग विडंबनकार म्हणतं त्याच्या अल्बमचा निम्मा भाग विडंबन नाहीच. ही स्वतःची गाणी बहुधा कुणाच्या तरी शैलीत असतात: गायकाची लकब, वाद्यमेळ, स्वररचनेच्या सवयी उचलायच्या, पण चाल नवी करायची. १९८५ चं ‘डेअर टू बी स्टुपिड’ हे डीव्हो या बँडच्या शैलीतलं, तरी त्यांच्या कुठल्याही एका गाण्याची नक्कल नाही. अशा गाण्याचे शब्द आणि संगीत दोन्ही त्याचेच, त्यामुळे मानधनात वाटेकरी नाही. विडंबनात मूळ गीतकार-संगीतकाराचं नाव लागतं आणि त्यांचा वाटा जातो. पोल्का मेडलीत तर डझनभर गाण्यांचे तुकडे, प्रत्येकाचा मालक वेगळा. हिस्से पडल्यावर ॲलच्या हातात फारसं उरत नाही. तरी त्याच्या बहुतेक अल्बममध्ये मेडली असतेच, कारण सभागृहात ती हमखास चालते. कुठलं गाणं पैशासाठी आणि कुठलं टाळीसाठी, हे ज्याला आधी माहीत असतं तो टिकतो.

दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. तो मूळ रेकॉर्डवर गात नाही. बँड मूळ गाणं ऐकून सगळी वाद्यं शून्यापासून पुन्हा वाजवतो. ढोलांचा आवाज, गिटारची ठेवण, मागचे कोरस, सगळं हुबेहूब. फायदा दुहेरी. पहिल्या पाच सेकंदांत श्रोत्याला ‘हे ते गाणं’ असं वाटतं आणि शब्द बदलले की दचका बसतो. शिवाय मूळ ध्वनिमुद्रण वापरलंच नाही, त्यामुळे रेकॉर्ड कंपनीकडून त्या मुद्रणाचे हक्क घ्यावे लागत नाहीत, फक्त रचनेच्या मालकाशी बोलायचं. बँडही तोच: ड्रमवर जॉन श्वार्ट्झ १९८० पासून, थोड्याच काळात गिटारवर जिम वेस्ट आणि बासवर स्टीव्ह जे, आणि १९९१ पासून कीबोर्डवर रुबेन वाल्टिएरा. कुठलीही शैली आठवड्याभरात अंगात भिनवणारी ही माणसं नसती तर नुसते शब्द काय करणार होते?

परवानगीचं लांबलचक आहे. अमेरिकन कायद्यात विडंबनाला बऱ्यापैकी संरक्षण आहे. १९९४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ‘प्रिटी वुमन’च्या खटल्यात व्यावसायिक विडंबनही न्याय्य वापर, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा वापर, ठरू शकतं असं सांगितलं. पण तो निकाल मूळ कृतीवरच टिप्पणी करणाऱ्या विडंबनाला जास्त आधार देतो. ॲलची बरीच गाणी मूळ गाण्याबद्दल नसतातच, ती खाण्याबद्दल किंवा टीव्हीबद्दल असतात. म्हणून तो विचारून करतो आणि नकार आला की सोडून देतो. मायकल जॅक्सननं ‘ईट इट’ आणि ‘फॅट’ला होकार दिला, वर ‘फॅट’साठी स्वतःच्या व्हिडिओचा भुयारी रेल्वे स्टेशनचा सेट वापरू दिला. पण ‘ब्लॅक ऑर व्हाइट’च्या विडंबनाला नाही म्हटला. पॉल मॅकार्टनीनं चिकन पायच्या गाण्याला नकार दिला, कारण तो शाकाहारी. प्रिन्सनं तर कधीच हो म्हटलं नाही.

आता बिघडतं कुठे ते पाहा. १९९६ च्या ‘अमिश पॅरडाइज’ला मूळ गाण्याचा रॅपर कूलिओ याचा होकार आहे असं ॲलला रेकॉर्ड कंपनीकडून कळलं होतं. गाणं आल्यावर कूलिओ म्हणाला, मी असं काही म्हटलंच नव्हतं. ॲलनं माफीचं पत्र लिहिलं. पुढे समेट झाला, पण तेव्हापासून तो शक्यतो थेट कलाकाराशी बोलतो. २००६ मध्ये उलटं झालं: गायक जेम्स ब्लंटचा होकार, त्याच्या कंपनीचा नकार. ॲलनं ते गाणं अल्बममधून काढलं आणि इंटरनेटवर फुकट दिलं. २०११ मध्ये लेडी गागाच्या व्यवस्थापकानं आधी पूर्ण गाणं ऐकवा म्हणून सांगितलं, ते रेकॉर्ड झाल्यावर नकार कळवला, आणि गागापर्यंत ते पोचलंच नव्हतं असं नंतर उघड झालं. ‘होकार कुणाचा?’ याला तीन उत्तरं असतात: कलाकार, त्याचा माणूस आणि हक्काचा मालक. तिघांचा होकार मिळाल्याशिवाय स्टुडिओचं भाडं भरू नये.

कलम_बावन्न

भारतातलं सांगतो. भाता यांनी लिहिलेलं न्याय्य वापराचं तत्त्व इथे जसंच्या तसं चालत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(क): टीका किंवा परीक्षणासाठी रास्त वापर चालतो. ‘विडंबन’ हा शब्द कायद्यात नाही. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला संरक्षण दिलं होतं. तिथे पाहिलं गेलं ते असं: मूळ मजकूर किती आणि किती महत्त्वाचा घेतला, कशासाठी घेतला, आणि नवी कृती मूळ कृतीच्या बाजाराला धक्का देते का. मूळ गाण्याचीच खिल्ली उडवत असाल तर हा युक्तिवाद उभा राहतो. भावगीताच्या चालीवर वीजबिलाची तक्रार गात असाल तर जवळजवळ नाही.

‘कव्हर व्हर्जन काढता येतं ना, मग काय?’ असं पुष्कळ जण म्हणतात. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ३१सी नीट वाचा. मूळ मुद्रण झालं त्या वर्षानंतर पाच पूर्ण कॅलेंडर वर्षं जावी लागतात, वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आधी भरावं लागतं, आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत किंवा संगीतात बदल करता येत नाही. शब्द बदलले की हे दार बंद. त्यात कलम ५७ आहे: हक्क विकले तरी रचनाकाराच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीविरुद्ध तो दाद मागू शकतो.

आता सगळ्यांत घोळ होतो तो मुद्दा. कायद्यानं ‘संगीतकृती’ म्हणजे फक्त संगीत, शब्द त्यात येत नाहीत. शब्द ही वेगळी साहित्यकृती, ध्वनिमुद्रण हे तिसरंच. तिघांची मुदत वेगळी संपते. शब्द आणि संगीताची मुदत त्या-त्या रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, मुद्रणाची प्रकाशनानंतर ६० वर्षं, आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. उदाहरण घ्या: ‘नववधू प्रिया मी बावरते’. भा. रा. तांबे १९४१ मध्ये गेले, त्यामुळे शब्द २००२ पासून मोकळे. चाल वसंत प्रभूंची, ते गेले १९६८ मध्ये, म्हणजे २०२८ संपेपर्यंत चाल हक्कात आहे. गंमत अशी की विडंबनकाराला हवी असते नेमकी चाल, आणि मोकळे असतात शब्द.

म्हणून तिकिटाच्या कार्यक्रमासाठी सुरक्षित वाट उलटी: केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज, तांबे, माधव जूलियन यांच्या कवितेचं वृत्त आणि शब्दकळा घ्या, चाल स्वतः बांधा. अत्र्यांनी ‘केशवकुमार’ नावानं ‘झेंडूची फुलं’मध्ये कवितांचंच विडंबन केलं. छापील कविता हा तिथला कच्चा माल होता, मुद्रित गाणं नव्हे. (अत्र्यांचे स्वतःचे शब्द २०२९ अखेरपर्यंत हक्कात आहेत, ते उचलू नका.) ओवी, अभंग, भारूड, पोवाडा यांच्या पारंपरिक चाली कुणाच्याच मालकीच्या नाहीत. फक्त कुणा संगीतकारानं केलेली एखाद्या अभंगाची प्रसिद्ध चाल म्हणजे पारंपरिक चाल नव्हे, ही गफलत टाळा.

सभागृहासाठी संयोजकानं आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा) परवाना काढलेला असला तरी तो गाणं आहे तसं सादर करण्यापुरता. शब्द बदलायची मुभा त्यातून मिळत नाही. कराओके ट्रॅक लावला तर त्या मुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. आणि यूट्यूबची यंत्रणा नुसती चालसुद्धा ओळखते. बहुतेक वेळा व्हिडिओ उडत नाही, जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात.

काळी_चार

कलम_बावन्न, म्हणजे आमच्या २२ गाण्यांतली १९ यूट्यूबवर टाकून कमाई शून्य! असो. अभंगाच्या बांध्यावर नवीन लिहायचं तर विनोद कुठे बसवायचा? आणि चालीवर शब्द ‘बसतात’ म्हणजे नेमकं काय मोजायचं?

सहा_सहा_सहा_चार

दोन वेगळी मोजमापं आहेत. अक्षरछंदात अक्षरं मोजायची, मात्रावृत्तात मात्रा (लघू अक्षराची एक, गुरूची दोन). विडंबन घसरतं ते बहुतेक वेळा ही दोन एकमेकांत मिसळल्यामुळे.

मोठा अभंग: ६, ६, ६, ४ अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. शेवटचा चरण यमकातून मोकळा आणि आखूड. विनोदासाठी यापेक्षा चांगला साचा कुणी मुद्दाम बनवला नसता. पहिला चरण प्रसंग सांगतो, दुसरा-तिसरा यमकानं कानाला चालना देतात, आणि चौथ्यात चार अक्षरांत पाय काढून घ्यायचा. नमुना म्हणून:

पाण्याची ती वेळ । पहाटेचे तीन ।
जागे सारे दीन । नळ झोपे ॥

अक्षरं मोजून पाहा. विनोद तिसऱ्या चरणात फुटला (‘नळ झोपे, जागे दीन’ असा क्रम लावला) तर उरलेलं कडवं राख. पहिल्या तीन चरणांत एकही शब्द हसवायच्या मोहानं घालू नका. ‘दीन’सारखा गंभीर, संतवाणीतला शब्द तिथे कामाला येतो: बाज जितका भक्तीचा, तितका नळ हास्यास्पद. एकनाथांच्या भारुडांत हेच उलट्या दिशेनं चालतं, विंचवाच्या गंमतीतून माणूस काम-क्रोधापर्यंत पोचतो.

मात्रावृत्तात, समजा १६ मात्रांच्या पादाकुलकात, आठ-आठ मात्रांचे गट पडतात. ‘रिक्षावाला’ बरोबर ८ मात्रा, एक गट पुरा. ‘बसवाहक’ ६, दोन मात्रांचा शब्द जोडावा लागेल. ‘इन्स्टाग्राम’ ७, आणि ही एक उरलेली मात्रा फार छळते: गाणारा ‘म’ ओढतो आणि शब्द ‘इन्स्टाग्रामा’ ऐकू येतो. इंग्रजी शब्द गटाच्या सुरुवातीला ठेवा आणि पुढचा शब्द लघूनं सुरू करा, म्हणजे ती मात्रा भरली जाते.

लिहायची रीत: मूळ चाल नुसत्या ‘ल’वर म्हणा, सूर कुठे लांबतो तिथे आडवी रेघ मारा. त्या रेघेवर दीर्घ स्वरच आला पाहिजे, आ-ए-ओ सर्वांत बरे. तिथे ‘क्षि’, ‘त्त’ असं काही आलं की गाणाऱ्याचा जबडा अडतो. मग आधी शेवटचा चरण लिहा, वरचे नंतर. विषयाशी जोडलेले शब्द, म्हणी, ब्रँडची नावं, तक्रारी यांची यादी दोन-तीन पानं व्हायला हवी. त्यातलं एकच पान वापरात येतं. यादी अर्ध्या पानात संपली तर विषयात गाणंच नाही, एक किस्सा आहे. तो निवेदनात सांगून टाका.

ढोलकी_दुगुन

स्टेजवर शब्द न कळण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच. पहिलं लय. मिनिटाला १२० ठोके म्हणजे सेकंदाला दोन. ठोक्याला दोन अक्षरं घातली तर सेकंदाला चार, आरामात कळतात. तीन घातली तर सहा, स्वच्छ उच्चार असेल तर चालतं. चार घातली की आठ. समोरच्याला फक्त ‘भरभर म्हणतोय’ एवढंच कळतं. तेही कौतुक असतं, पण हसू नसतं. मूळ गाण्यापेक्षा विडंबनाची लय दहा टक्क्यांनी उतरवा, कुणाला पत्ता लागत नाही.

दुसरं, पेटी. हार्मोनियमचा आवाज माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात असतो आणि व्यंजनं त्यात बुडतात. विनोदाच्या ओळीला पेटीनं चाल वाजवायची नाही, नुसता षड्ज धरायचा किंवा हात उचलायचा. ध्वनिसंयोजकाला आधीच सांगा की हा सुगम संगीताचा कार्यक्रम नव्हे: आवाज वाद्यांच्या सहा डेसिबल तरी वर, प्रतिध्वनी जवळजवळ बंद. सांगितलं नाही तर तो सवयीनं प्रतिध्वनी वाढवणारच.

तिसरं, हशाला जागा नाही. लोक हसत असताना पुढची ओळ गेली की ती मेली, आणि तिच्यावर टेकलेला पुढचा विनोदही. केहरव्याचं एक आवर्तन, म्हणजे आठ मात्रा, रिकामं सोडायची तयारी ठेवा. ढोलकीवाला ते भरतो. हशा लांबला तर दुसरं आवर्तन. हशा आलाच नाही तर गायकानं ठरलेली खूण करायची आणि लगेच पुढे. ही खूण तालमीत ठरवा. गायक थांबलाय आणि सभागृहही गप्प आहे, यासारखं भयंकर काही नाही.

ॲलबद्दल एक भर. त्याच्या कार्यक्रमात वेषांतरं पुष्कळ असतात, ‘फॅट’साठी तर अख्खा फुगवलेला पोशाख. ती चालू असताना पडद्यावर त्याच्या जुन्या चित्रफिती दाखवतात, एक मिनिटही अंधार नाही. आपल्याकडे तेच काम सोंगाड्या करत आलाय. उलट २०१८ च्या दौऱ्यात त्यानं वेष आणि पडदा दोन्ही सोडून मुख्यतः स्वतःची मूळ गाणी केली, रोज गाण्यांचा क्रम बदलून. गाजलेल्या विडंबनांवर भर नसेल हे आधीच जाहीर करूनही दौरा चालला. पहिल्या उत्तरातल्या निम्म्या वाट्याचं फळ ते.

भाता

बरोबर. आणि २०१४ चंही सांगायला हवं, कारण ते पैशांबद्दल आहे. ‘मँडेटरी फन’साठी कंपनीकडून व्हिडिओंना पैसे नव्हते. त्यानं विनोदी संकेतस्थळांशी भागीदारी केली: व्हिडिओचा खर्च त्यांचा, प्रेक्षकही त्यांना. आठ दिवसांत आठ व्हिडिओ, रोज एक. पहिल्या आठवड्यात सुमारे १,०४,००० प्रती आणि अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर. विनोदी अल्बमला तो मान त्याआधी १९६३ मध्ये ॲलन शर्मनला मिळाला होता. आठातली चार गाणी विडंबनं, चार स्वतःची, हेही मुद्दाम मोजा. त्याच अल्बमनं त्याचा करार पुरा झाला आणि पूर्ण अल्बम काढणंच त्यानं थांबवलं. बारा गाणी जमेपर्यंत पहिली तीन शिळी होतात, हे त्याचं कारण आपल्याकडे दुप्पट खरं आहे.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतलाच विनोदी गाणी करणारा टॉम लेहरर. १९५३ मध्ये १५ डॉलरला स्टुडिओ घेऊन पियानोवर पहिली तबकडी केली, ४०० प्रती काढल्या. परवानगीची भानगड नाही, कारण चाली बहुतेक स्वतःच्या. गणित शिकवत राहिला, गाणी मोजकीच. २०२० मध्ये त्यानं आपले शब्द आणि चाली सगळ्यांसाठी मोकळ्या केल्या, २०२२ मध्ये उरलेले हक्कही सोडले. काळी_चार, तुमच्या १९ गाण्यांना चाली हव्या असतील तर तिथे शोधा. त्याच्या वॉल्ट्झवर दादऱ्याचा ठेका सहज बसतो.

ढोलकी_दुगुन

सहा_सहा_सहा_चार यांच्या नमुन्यावर एक हरकत. ‘नळ झोपे’ चुकलंय. ‘जागे सारे दीन’ झाल्यावर श्रोत्याला ‘कोण झोपलंय?’ हे शेवटी कळायला हवं. ‘झोपे नळ’ करा. चार अक्षरंच आहेत, आणि हशा ‘नळ’वर पडेल.

सहा_सहा_सहा_चार

बोलून दाखवायचं असेल तर तुमचं बरोबर. पण अभंगाच्या चालीत शेवटचं अक्षर लांबतं. ‘झोपे’तला ए हवा तेवढा ओढा, मागे टाळकरीही उचलतील. ‘नळ’चा ळ ओढलात की तो ‘नळाऽऽ’ होतो, आणि लोक त्या आकारात नळ शोधत बसतात.

ढोलकी_दुगुन

मग ओढूच नका. ‘झोपे’ला सूर लांबवायचा, टाळ एकदम बंद करायचे, आणि ‘नळ’ गायचा नाही, नुसता बोलायचा. आवर्तन रिकामं.

काळी_चार

दोन्ही करून पाहतो. पहिल्या कडव्याला ‘नळ झोपे’, शेवटी ध्रुपद परत येईल तेव्हा ‘झोपे... नळ’.